उलटं झाकण

बाबांच्या कारखान्यात कागद टिकत नसे. वाफेने शाई पसरायची, भिंतीवर डकवलेल्या चिठ्ठ्या पिवळ्या पडून गळायच्या, खडूने लिहिलेलं ओल्या हाताने पुसलं जायचं. म्हणून महत्त्वाची गोष्ट ते झाकणाने सांगत.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. तिथे नळांवर, कड्यांवर, दाराच्या मुठींवर चकचकीत मुलामा चढायचा. मुलाम्याआधी आणि नंतर धातू धुतलेलं पाणी जमिनीतल्या दोन हौदांत जमायचं. एकात आम्लाचं, त्याला सगळे ‘आंबट’ म्हणत. दुसऱ्यातल्याला ‘कडू’. कडू म्हणजे काय, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं आणि घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. आईने घाबरू नये, एवढंच त्याचं कारण. आंबट चुन्याने मारायचं, कडू ब्लीचने मारायचं, पट्टी बुडवून रंग बघायचा, आणि मगच पाणी गटारात सोडायचं. पाणी तयार झालं की हौदाचं झाकण सरळ, मूठ वर. तोवर झाकण उलटं, मूठ खाली लोंबती. उलटं झाकण डुगडुगतं, दुरूनही डोळ्यांत खुपतं. शिवाय ते आपोआप सरळ होत नाही, कुणीतरी वाकून करावं लागतं. बाबांना ते आवडायचं. ‘वाकताना माणूस विचार करतो,’ असं ते म्हणत.

हौदांच्या वर, भिंतीवर, त्यांनी काळ्या तैलरंगाने नियम लिहिले होते. नगरपालिकेच्या पत्रकातली अगडबंब वाक्यं मोडून त्यांनी आपली केली होती. गटारात आम्ल नाही. विष नाही. पेट घेईल असं काही नाही. तेल, चरबी, चिंध्या नाहीत. कढत पाणी नाही. एकमेकांत मिसळून वायू होईल असं तर मुळीच नाही. आणि सगळ्यांत खाली, बारीक कुंचल्याने: खाली माणूस आहे असं धरून चालायचं.

लहानपणी मला वाटायचं, खाली खरंच कुणीतरी राहतं. मी जाळीपाशी ओणवी होऊन त्याला हाका मारायचे. काका मागून घोगऱ्या आवाजात ओ द्यायचा.

बाबा गेले ते तिथेच, कामाच्या टेबलाशी, भर दुपारी. हातात पॉलिश करायची दाराची मूठ होती. काका पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर कारखाना बंदच होता. मुलाम्याच्या टाक्यांमधलं सगळं जहाल द्रव्य परवानाधारक कंपनीची गाडी येऊन पिंपांतून घेऊन गेली. उरले ते धुण्याच्या पाण्याचे दोन हौद. जागा नव्या भाडेकरूला द्यायची होती. तो तिथे फोटोंच्या चौकटी बनवणार होता.

किल्ली द्यायच्या आदल्या सकाळी काका आणि मी हौदांपाशी उभे होतो. दोन्ही झाकणं सरळ होती, मुठी वर, आणि लख्ख पुसलेली.

“बघ,” काका म्हणाला. “दादा जाताना सुद्धा काम उरकून गेला.”

मी त्याच्याकडे न बघता विचारलं, “पट्टी लावून बघायची का एकदा?”

“मास्तरीण, दादाने सरळ केलेल्या झाकणाला मी पट्टी लावू? वर जाऊन त्याला काय तोंड दाखवू?”

मला काका मास्तरीणच म्हणतो. मी शिकवत नाही, ग्रंथालयात काम करते, पण सहावीत असताना मी त्याच्या पत्रातल्या चुका लाल पेन्सिलने दाखवल्या होत्या, ते त्याने अजून सोडलेलं नाही.

येताना गल्लीच्या वरच्या तोंडाशी आम्हाला नगरपालिकेची माणसं दिसली होती. पिवळे कठडे लावून त्यांनी रस्त्यातलं झाकण उघडलं होतं, तिवई उभी केली होती, वरून दोर खाली गेला होता. काकाने तेही ध्यानात घेतलं होतं.

“ते वरच्या अंगाला आहेत,” तो म्हणाला. “आपलं पाणी उतारावर जातं. त्यांना काही नाही त्याचं. आधी आंबट सोडतो, मग भरपूर साधं पाणी, मग कडू. दादाने एकाच दिवशी दोन्ही सोडलं नसतं, पण दादाला उद्या किल्ली द्यायची नव्हती. तू घरी जा. वहिनी एकट्या आहेत. आणि हा घेऊन जा.”

हा म्हणजे बाबांचा कामाचा कोट. दाराजवळच्या खुंटीवर तो तसाच होता. त्याच खुंटीवर आता काकाने स्वतःची पिशवी लटकवली आणि फोन तिच्यात टाकला. हौदांजवळ फोन न्यायचा नाही, हा बाबांचा नियम. मग त्याने वाफ ओढणारा मोठा पंखा सुरू केला. तो पंखा सुरू असला की शेजारच्या माणसाचं सुद्धा ऐकू येत नाही, आणि काकाचा डावा कान तसाही कामातून गेलेला आहे.

घर तिथून जवळ, दोन गल्ल्या पलीकडे. आई खाटेवर बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. कुणाला द्यायचे ते ठरलेलं नव्हतं, तरी घड्या घालत होती. मी कोट तिच्याजवळ ठेवला. तिने तो लगेच उचलला नाही.

“भाऊजी तिकडेच आहेत?”

“हो. हौद रिकामे करतोय.”

“आता काय ते सगळं स्वच्छ होऊन जाऊ दे.” तिने शर्टाची कॉलर बोटांनी दाबली. “त्या दिवशी मी गेले होते ना, दिवे बंद करायला.”

मला हे ठाऊक नव्हतं. आई वर्षानुवर्षं कारखान्यात गेली नव्हती. त्या वासाने तिला धाप लागायची. म्हणून बाबा कपडे तिथेच बदलून येत.

“कधी?”

“ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही सगळे झोपला होतात. दिवे तसेच असतील म्हणून गेले, तर सगळा पसारा. टेबलावर चिंध्या, हातमोजे एक इथे एक तिथे. त्यांचं असं कधी नसायचं. झाकणं सुद्धा उलटी टाकलेली, धूळ बसत होती त्यांत. म्हटलं, लोक येतील, बघतील, म्हणतील माणूस गबाळा होता. सगळं पुसलं. झाकणं सरळ करून ठेवली.” तिने घडी बाजूला ठेवली. “तेवढंच मला करता आलं.”

मी उभी राहिले.

“कुठे निघालीस?”

“दोन्ही झाकणं उलटी होती?”

“दोन्ही. का गं?”

मी काकाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पिशवीत, खुंटीवर, पंख्याच्या घरघरीत तो वाजत असणार, हे मला दिसत होतं. चपला घातल्या की नाही ते आठवत नाही. दार उघडंच टाकून मी पळाले.

धावताना डोकं फार व्यवस्थित चालतं. आंबटाचा हौद आधी सुटला असणार. तो रिकामा व्हायला वेळ लागतो. मग साधं पाणी. काका घाई करणारा नाही, पण आज त्याला घाई होती. न मारलेलं आंबट आणि न मारलेलं कडू एका नळीत भेटलं तर काय होतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. बाबांनी ते एकदाच सांगितलं होतं, आणि सांगताना आवाज चढवला नव्हता. वायू होतो. त्याने धरलेल्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. पण खाली कुणी नाही, मी स्वतःला सांगत होते. ते वरच्या अंगाला आहेत.

गल्लीत शिरले आणि पाहिलं, वरच्या तोंडाशी कठडे नव्हते. ते आता खालच्या कोपऱ्यावर होते, कारखान्याच्या पुढच्या वळणाशी. तिवई तिथे. दोर तिथे, ताणलेला.

आधी कुठे जायचं, हे ठरवायला एक श्वास गेला. कोपरा पुढे होता आणि कारखान्याचं दार वाटेत. मी दार ढकललं.

आत पंखा घोंघावत होता. खुंटीवरची पिशवी उजळत होती, विझत होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला काका माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या हौदाशी वाकला होता. दोन्ही हातांनी त्याने व्हॉल्व्हचं चाक धरलं होतं. ते चाक नेहमीच घट्ट. त्याचे खांदे हलत होते. मी हाक मारली. तो हलला नाही, चाक हललं.

दाराशेजारी मेन स्विच होता. मी तो खाली ओढला.

पंखा कुरकुरत थांबला. दिवे गेले. अचानक झालेल्या शांततेत नळीतून पाणी जाण्याचा आवाज आला.

“कोण ते? लाईट गेली काय?”

“काका, बंद कर. ते कडू आहे. झाकणं आईने सरळ केली.”

तो लगेच चाक उलटं फिरवायला लागला. उघडायला जेवढं घट्ट तेवढंच मिटायला. मी पुढे जाऊन त्याच्या हातांवर हात ठेवले आणि आम्ही दोघांनी ते मिटवलं. आवाज थांबला. मी परत येऊन स्विच वर केला, कारण तो पंखा तसा बंद ठेवण्याची ती जागा नव्हती. दिव्यांत काकाचा चेहरा भिंतीसारखा पांढरा होता.

“किती गेलं?”

“थोडंसं. आत्ताच सुरू केलं होतं.”

“आणि आंबट?”

“ते सगळं गेलं. मध्ये साधं पाणी थोडंच सोडलं.” मग त्याचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. “काय झालं? वर आहेत ना ते?”

“कोपऱ्यावर आलेत.”

कोपऱ्यावर दोघं दोरावर होते आणि मुकादम कठड्यावर रेलून उभा होता. गळ्यात शिट्टी, हातात चहाचा पेला.

“वर काढा त्यांना,” मी म्हणाले.

“कुणाला? मास्याला? आत्ताच उतरलाय तो, बाई. गाळ लागलाय हाताला.”

“आत्ता काढा. आमच्या कारखान्यातून पाणी सुटलंय.”

“कारखाना तर बंद आहे तुमचा.” त्याने पेला कठड्यावर ठेवला. “तुमचे म्हातारे पाणी सोडायच्या आधी आमच्या चौकीला फोन करायचे. विचारायचे, कुणी आत आहे का. इतकी वर्षं, न चुकता. आज फोन नाही, म्हणजे पाणी नाही, म्हणून तर याला इथे उतरवला.”

हे मला माहीत नव्हतं. काकालाही नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो धापा टाकत मागे येऊन उभा राहिला होता.

“कसलं पाणी आहे?” मुकादमाने त्याला विचारलं.

काकाने माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर अजून विसरलेले नाही. तिच्यात स्वतःसाठी भीती नव्हती. कारखान्याच्या दारावर बाबांच्या नावाची पाटी होती, आणि त्या नावावर आजवर एक डाग नव्हता.

“आम्लाचं,” तो म्हणाला. “आंबट. थोडं.”

ते खोटं नव्हतं. निम्मं होतं.

“आम्ल का.” मुकादम सैलावला. “मग बूट आहेत त्याला गुडघ्यापर्यंत.” तो भोकावर वाकून ओरडला, “मास्या, अंगावर उडवून घेऊ नकोस रे, आंबट पाणी येतंय.”

खालून काहीतरी उत्तर आलं. ते हसण्यासारखं होतं.

“आणि सायनाइड,” मी म्हणाले.

तो शब्द मी त्या गल्लीत पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. मुकादम वळला नाही. त्याने शिट्टी तोंडात धरली आणि दोरावर हात घातला. तिघे मिळून ओढायला लागले. काका आपणहून चौथा झाला. शिट्टी वाजत होती.

“मास्या, वर ये. सोड सगळं. मास्या.”

उत्तर नाही.

दोर येत होता, पण संथ, ओल्या पोत्यासारखा जड. मी भोकाच्या काठावर बसले. खाली काळोख होता, आणि लोखंडी पायऱ्यांवर पाणी चमकत होतं. मला हाक मारायची होती आणि तोंडातून काही निघेना. मुकादमाने मला खांद्याला धरून मागे सारलं. “तोंड खुपसू नका त्यात, बाई.”

मग पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला. एक, आणि बऱ्याच वेळाने दुसरा. पिवळं शिरस्त्राण वर आलं. मुकादमाने त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं आणि दूर, वाऱ्याकडच्या बाजूला, फरसबंदीवर आडवं केलं. तो पन्नाशीचा, किडकिडीत माणूस होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोकला थांबत नव्हता.

“हाक मारली तर ओ द्यायला काय होतं?” मुकादम त्याच्यावर खेकसला.

“घसा,” तो म्हणाला. “घशात काहीतरी… डोकं गरगरतंय. आणि गाळ अर्धाच निघालाय.”

रुग्णवाहिका आली. त्यातल्या डॉक्टरला मुकादमाने दोन्ही नावं स्पष्ट सांगितली, आंबट आणि दुसरं, खाडकन, एकामागोमाग. डॉक्टरने मास्याच्या नाकावर मुखवटा चढवला, डोळे पाहिले, नाडी धरून बसली. ती बोलेपर्यंत आमच्यापैकी कुणी जागचं हललं नाही.

“वेळेत वर आला,” ती म्हणाली. “नाव कळलं ते बरं झालं. नाहीतर आम्ही नुसता गटारातला वायू समजलो असतो. आज ठेवून घेते.”

मास्याने मुखवटा जरा उचलला. “कठड्यावर माझा डबा आहे. कुणी खाऊ नका.”

“तुझा डबा कोण खाणार, मेल्या,” मुकादम म्हणाला आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

गाडी गेल्यावर मी मागे वळले. आई उभी होती. मी दार उघडं टाकून आले होते, त्यामुळे ती माझ्या मागोमाग निघाली होती आणि धाप लागल्यामुळे वाटेत थांबत आली होती. किती वेळ ती तिथे होती, कुणास ठाऊक.

“कडू म्हणजे ते?” तिने विचारलं.

“हो.”

“ते रोज त्याच्यात काम करायचे?”

“नीट करायचे, आई. फार नीट.”

ती वळली. कारखान्याकडे चालायला लागली.

दुपारी नगरपालिकेच्या निरीक्षक बाई आल्या. त्यांनी दोन्ही व्हॉल्व्हना तार गुंडाळून सील लावलं, भिंतीवरचे नियम उभ्याने वाचले, शेवटची ओळ दोनदा. मग एका रिकाम्या पिंपावर फाईल ठेवून विचारलं, “पाणी कुणी सोडलं?”

“मी,” काका म्हणाला.

“झाकणं मी फिरवली,” आई म्हणाली. “ते नसते सोडत.”

“वहिनी, तुम्ही गप्प बसा. तपासायचं काम माझं होतं.”

“मी का गप्प बसू? माझ्या हाताने झालंय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही दोघं आपापलं म्हणणं सांगा, मी ते जोडून घेते. पण वरती एकच नाव येतं. परवाना ज्यांच्या नावावर, त्यांचं.” त्यांनी आमच्याकडे न बघता विचारलं, “तो बदललेला नाही ना अजून?”

नव्हता. कुणाच्या मनातही आलं नव्हतं. काका कोपऱ्यात जाऊन भिंतीला हात टेकून उभा राहिला. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता कोसळेल.

“तो माणूस वाचतो ना?” आईने विचारलं.

“वाचतोय. डॉक्टरांशी बोलले मी.”

“मग लिहा त्यांचं नाव. नीट लिहा, पूर्ण.” आणि तिने ते सांगितलं. नवऱ्याचं नाव ती सहसा घेत नसे. अक्षरं चुकू नयेत म्हणून मी ते पुन्हा सांगितलं, आणि बाईंनी लिहिलं.

भाडेकरूची किल्ली लांबली. दुसऱ्या दिवशी निरीक्षक बाई एका रसायनतज्ज्ञाला घेऊन आल्या आणि सील काढून दिलं. काकाने बाबांच्या पद्धतीने कडू मारलं: ब्लीच थोडं थोडं, लांब दांड्याने ढवळत, मध्ये थांबत. झाकण त्याने आधीच उलटं करून ठेवलं होतं. मी पंख्याशी उभी होते. आई दाराजवळ स्टुलावर, तोंडाला रुमाल लावून. तिला घरी थांब म्हणायचं धाडस कुणी केलं नाही.

काकाने पट्टी बुडवून दिव्याखाली धरली. रसायनतज्ज्ञाने पाहिली, मान हलवली. “झालं. सोडायला हरकत नाही.”

मी चौकीला फोन लावला. मुकादमानेच उचलला.

“पाणी सोडायचं आहे. कुणी आत आहे का?”

“नाही.” मागे कुणीतरी खोकलं. “मास्या बसलाय इथे, डॉक्टरने दोन दिवस उतरायचं नाही सांगितलंय. सगळ्यांना बोधामृत पाजतोय. सोडा तुम्ही.”

काकाने झाकणाला हात घातला आणि थांबला. “वहिनी,” तो म्हणाला, “तुम्ही करता का सरळ?”

आई उठली. हौदापाशी येऊन तिने झाकणाकडे पाहिलं, भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. मग काकाच्या हातातली पट्टी घेतली आणि उजेडाकडे धरली. तिला त्या रंगाचं काही कळत नव्हतं. तरी ती बराच वेळ बघत राहिली.

“अजून एक लावा,” ती म्हणाली.

काकाने रसायनतज्ज्ञाकडे पाहिलं. मी डबीतून दुसरी पट्टी काढून दिली.